क्लच गेला म्हणजे ट्रॅक्टर गेला नव्हे



बिगर हंगामात कारखान्यावर काही कामाने येणे झाले, तर शेअर्स खात्यातले काम उरकून सरळ घरची वाट धरू नका. मिल हाऊसकडे एक चक्कर मारून या. हंगामात जिथे आवाजाने कान बसतात तिथे त्या दिवसांत सगळे खोलून ठेवलेले दिसेल. रोलर खाली काढलेले असतात, बेअरिंगच्या पितळ्या उघड्या पडलेल्या असतात, झिजलेल्या खाचा लेथवर नव्याने पाडायचे काम चाललेले असते. रोलर झिजला म्हणून चीफ इंजिनिअर 'नवी मिल घ्या' असा विषय संचालक मंडळापुढे आणत नाहीत. झीज किती झाली ते मोजतात, दुरुस्त होईल ते दुरुस्त करतात, बदलायचे ते बदलतात आणि मोळी पडायच्या आत मिल जोडून तयार ठेवतात. म्हणून तर सहकारातल्या जुन्या मिली अजून ऊस गाळताहेत.

आता आपल्या दारातला ट्रॅक्टर बघा. हंगाम संपला की ट्रॉल्या शेडच्या कडेला ढकलायच्या, ट्रॅक्टर नांगरटीला जुंपायचा, आणि दसरा तोंडावर आला की पुन्हा वाहतुकीच्या करारावर सही करायची. मधल्या काळात तो खोलून बघायचे कोणाच्या मनात येत नाही. मग भर जानेवारीत, ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्यांसकट तो चढावर बसतो, तेव्हा आपण म्हणतो, 'जुना झाला, आता विकायला पाहिजे.'

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. मी काही मिस्त्री नव्हे की इंजिनिअर नव्हे. दोन ट्रॉल्यांचा करार करणारा आणि स्वतःचाही ऊस घालणारा तुमच्यासारखाच एक सभासद आहे. पण या विषयात मी किंमत मोजली आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त दुसऱ्याने मोजली आहे. तेच आधी सांगतो.

माझी चूक

आमचा पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर २००१ सालचा. २०१७ च्या दिवाळीत मिस्त्रीने तो चालवून बघितला आणि म्हणाला, "तात्या, इंजिनाला काय बी झालं न्हाई. पण क्लच घसरतोय. आता खोलूया, न्हाईतर चढाला दगा देईल." मी म्हटले, "एवढा हंगाम होऊ दे, मग बघू." टोळी आलेली, मुकादमाला उचल दिलेली, चार दिवस ट्रॅक्टर उभा करायची माझी तयारी नव्हती.

जानेवारी २०१८ मध्ये ओढ्याजवळच्या चढावर तो बसला. इंजिन ओरडत होते, जळका वास सुटला होता, आणि चाक जागचे हलत नव्हते. ड्रायव्हरने चाकांमागे दगड लावले, बाभळीच्या दोन फांद्या रस्त्यावर टाकल्या आणि मला फोन केला. ट्रॉलीच्या मागचे रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले, एक तर तुटूनच पडलेला. रात्री नऊच्या सुमारास आमच्याच भावकीतला एक पोरगा डेअरीवरून मोटारसायकलने परत येत होता. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात त्याला ट्रॉली दिसली नाही.

पोरगा वाचला. पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले, चार महिने अंथरुणात गेले, लागलेली नोकरी गेली. त्याची आई मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

त्या ट्रॉल्यांतला ऊस तिसऱ्या दिवशी काट्यावर गेला. तुटलेल्या उसाचे वजन तासातासाने उतरते आणि आतली साखर मोडत जाते, हे शेतकी खात्याचे लोक आपल्याला दर मेळाव्यात सांगतात. वजन उतरले की शेतकऱ्याचे पैसे गेले, उतारा घसरला की कारखान्याची साखर गेली, आणि एफआरपी उताऱ्याशी जोडलेली असल्याने ते नुकसान फिरून सगळ्या सभासदांच्या घरी येते. एका क्लचपायी एवढे सगळे झाले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तसे मी फेब्रुवारीत क्लच बदलला.

नवा घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा?

या अपघातानंतर घरात आणि पारावर एकच सल्ला मिळत होता, जुने डबडे विकून टाका. विक्रेत्याचा माणूसही दोनदा दारात येऊन गेला. नव्या ट्रॅक्टरची किंमत आज सात-आठ लाखांच्या घरात जाते. जुन्याचे मोल मात्र क्लच गेलेला असताना निम्म्यावर येते, कारण घेणारा आपली अडचण ओळखून असतो. उरलेल्या रकमेचे कर्ज, त्याचे व्याज, सहामाही हप्ता. ऊसबिलातून हप्ता परस्पर वळता झाला म्हणजे हातात कागद तेवढा येतो, हे कोणाला सांगायला नको. मी हिशेब मांडला, तेव्हा एका सहामाही हप्त्याच्या पैशात क्लचचे सगळे काम, पुढच्या चाकांचे बुश आणि ब्रेकचे लायनर होऊन वर पैसे उरत होते.

तरी जुने ते सगळेच सोने असे मी म्हणणार नाही. हाऊसिंगला तडा गेलेला असेल, गिअरबॉक्सचे दाते झडले असतील, इंजिन तेल पीत असेल आणि हे सगळे एकदमच असेल, तर त्यात पैसा घालणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. सुट्या भागांचाही विचार करावा लागतो. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून तयार झालेले एचएमटीचे ट्रॅक्टर आपल्या भागात पुष्कळ राबले, पण २०१६ साली सरकारने तो व्यवसाय बंद करायचा निर्णय घेतला. असा ट्रॅक्टर ज्याच्याकडे आहे त्याने भाग मिळण्याची खात्री करूनच तो खोलावा. पण इंजिन धडधाकट, गिअर शाबूत, आणि केवळ क्लच गेला म्हणून ट्रॅक्टर विकायला काढणे हा खांदा सुजला म्हणून खोंड बाजारात नेण्यासारखा प्रकार आहे.

ट्रॅक्टरचा खांदा

बैलाची उपमा मी उगाच देत नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया पडला, तेव्हा ऊस यायचा तो मुख्यतः बैलगाडीने. बेंदूर-पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ज्या जागी घासले ती जागा हळद-लोण्याने मळतो. जुन्या माणसांना ठाऊक होते की ओढणाऱ्याचे बळ पायात असले तरी झीज खांद्यावर होते.

ट्रॅक्टरचा खांदा म्हणजे क्लच. इंजिनचे फ्लायव्हील सतत फिरत असते. त्याच्यावर क्लच प्लेट असते आणि प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात. त्या दाबाच्या जोरावरच इंजिनचे बळ गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग फिंगरवर दाब देते, प्रेशर प्लेट मागे हटते आणि प्लेट मोकळी होते. पेडल पूर्ण सोडलेले असते तेव्हा प्लेट फारशी झिजत नाही. ती झिजते अर्धवट दाबलेल्या पेडलवर, म्हणजे ज्याला आपले ड्रायव्हर 'हाफ क्लच' म्हणतात त्यावर. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस भरायचा, ओल्या रानातून बाहेर काढताना पेडल अर्धे दाबून इंजिन रेस करायचे, आणि गव्हाणीपुढच्या रांगेत दर दहा फुटांना तेच करायचे. मग प्लेट जळते यात नवल ते काय?

आधी ओळखा, मग खोला

क्लच खराब आहे असे मिस्त्री म्हणाला की लगेच खोलायला लावू नका आणि टाळूही नका. आधी पेडलचा ढिला खेळ बघा. पेडल हाताने हळूच दाबले तर जोर लागायच्या आधी साधारण इंचभर मोकळे गेले पाहिजे. नेमके माप ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते. प्लेट झिजते तसा हा खेळ कमी होतो. तो अजिबात उरला नाही तर बेअरिंग सदोदित फिंगरवर टेकून राहते आणि चांगला क्लचही घसरू लागतो. पुष्कळ वेळा पान्याने रॉड दोन आटे फिरवला की काम भागते आणि हजारो रुपये वाचतात.

खेळ बरोबर असूनही शंका राहिली तर मोकळ्या, सपाट जागेत, पुढेमागे माणूस नाही असे बघून हँडब्रेक लावा. वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन दबून बंद पडेल. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन तसेच फिरत राहिले तर क्लच घसरतो आहे असे समजा. ही परीक्षा एकदाच घ्या, पुन्हा पुन्हा केल्याने उरलीसुरली प्लेटही जळेल. उलट पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडत असेल तर क्लच सुटत नाही. आणि पेडल दाबताच किर्रर्र आवाज येऊन सोडल्यावर थांबत असेल, तर रिलीज बेअरिंग कोरडे पडले असे धरून चाला.

खोलले की अर्धे काम करू नका

ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन आणि गिअरबॉक्सचे हाऊसिंग हाच त्याचा कणा. म्हणून क्लचपर्यंत पोचायला ट्रॅक्टर मधोमध वेगळा करून दोन भाग करावे लागतात. पुढचा भाग ॲक्सलवर एका बाजूला कलंडू नये म्हणून दोन्हीकडे लाकडी पाचरी ठोकाव्या लागतात, आणि दोन्ही भागांखाली भक्कम घोडे लावावे लागतात. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर हे काम करणारा मिस्त्री कितीही स्वस्त असो, त्याला दारात उभा करू नका.

या कामात मेहनत आणि मजुरी जाते ती खोलण्या-जोडण्यात. म्हणून एकदा खोलल्यावर आत जे जे झिजले असेल ते सगळे बघून घ्यावे. मी २०१२ साली हीच चूक केली होती. पैसे वाचवायला नुसती प्लेट बदलली. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत होते ते दिसले होते, पण 'थोडंच आहे' म्हणून सोडले. तेल नव्या प्लेटवर आले आणि एका हंगामात ती घसरायला लागली. शेदोनशेच्या सीलपायी सगळी मजुरी दुसऱ्यांदा भरली.

तेव्हा ट्रॅक्टर खोलल्यावर स्वतः समोर उभे राहून पुढील गोष्टी बघा. प्लेटचे फेसिंग रिव्हेटपर्यंत झिजले असेल तर रिव्हेटने फ्लायव्हीलवर चरे पाडलेले असतात. चरे असतील, किंवा तापून निळे डाग आणि बारीक तडे पडले असतील, तर फ्लायव्हील लेथवर फेसिंग करून घ्या, आणि तडा खोल असेल तर बदला. खडबडीत फ्लायव्हीलवर नवी प्लेट बसवली तर खरबरीत जात्यासारखी ती तिला खाऊन टाकते. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा तापून मऊ पडतात, म्हणून प्लेटबरोबर प्रेशर प्लेटही बदललेली बरी. रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मध्यातले छोटे पायलट बेअरिंग या दोन वस्तू जुन्या ठेवूच नका. फोर्कचे बुश, शाफ्टचे आटे म्हणजे स्प्लाइन, इंजिनकडचे आणि गिअरबॉक्सकडचे सील तपासा. ज्या ट्रॅक्टरला पीटीओसाठी वेगळी दुसरी प्लेट आहे त्यांनी ती दुर्लक्षू नये.

जोडताना प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे याची खात्री करा. डमी शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणल्याशिवाय बोल्ट आवळू देऊ नका, नाहीतर दोन्ही भाग जुळता जुळत नाहीत आणि मग घणाचे घाव बसतात. फिंगरची उंची सारखी लावून घ्या. ग्रीस लावायचे ते बेताने, प्लेटला ग्रीसचा हात लागता कामा नये. आणखी एक सांगतो. जुन्या प्लेटच्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे आणि ती धूळ फुप्फुसाला घातक. हवेच्या पाइपने ती उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि जवळ पोरेबाळे उभी करू नका.

क्लच नवा, पिन जुनी

इंजिनचे बळ चाकाला पोचले म्हणजे काम झाले असे नाही. ओढणारा ट्रॅक्टर थांबलाही पाहिजे. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. सगळे ओझे ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांवर येते. म्हणून डाव्या-उजव्या ब्रेकचे लायनर बदला, दोन्ही पेडल सारखी लागतात का ते बघा, आणि रस्त्यावर दोन्ही पेडलची जोडपट्टी लावलेलीच ठेवा. ती नसली तर एक चाक धरते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

हुकाची पिन काढून हातात घ्या. मध्यावर कमरेसारखी बारीक झाली असेल तर तिच्याऐवजी सळईचा तुकडा घालू नका, योग्य पिन आणि तिची लॉकपिन घाला. किंगपिनचे बुश आणि टाय रॉडचे एंड झिजले की स्टिअरिंग हातात आणि चाके आपल्या मर्जीने, असा कारभार होतो. आणि शेवटी सगळ्यात स्वस्त गोष्ट, मागचे लाल रिफ्लेक्टर. ते चार पैशांचे आहेत. माझ्या ट्रॉलीला तेवढे धड असते तर तो पोरगा आज लंगडत चालला नसता.

ड्रायव्हरला तीन गोष्टी घोटून सांगा. पाय पेडलवर ठेवून चालवू नको. चढाच्या आधीच खालचा गिअर टाक. आणि उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नको. न्यूट्रल केल्यावर इंजिनची रोख जाते, वीस टन मागून ढकलतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. पण ड्रायव्हरला सांगताना आपणही एक ऐकले पाहिजे. खेपेमागे टनाचा लोभ धरून ट्रॉली वर बांधत न्यायची आणि क्लच जळला की ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या, हे न्यायाचे नाही.

कारखान्याने काय करावे

शेवटी माझे म्हणणे संचालक मंडळापुढे नम्रपणे मांडतो. वाहतुकीचा करार करताना आपण सात-बारा बघतो, जामीनदार बघतो, वाहनाची कागदपत्रे बघतो. वाहन बघत नाही. दसऱ्याआधी गटवार दोन-दोन दिवस तपासणी ठेवावी. क्लच, ब्रेक, हुकाची पिन, रिफ्लेक्टर, एवढ्या चारच गोष्टी. ज्याचे वाहन उतरेल त्याचा करार रद्द करू नये, दुरुस्तीला मुदत द्यावी. करारापोटी जी उचल देतो तिच्यातला काही भाग दुरुस्तीच्या बिलावर परस्पर द्यावा, म्हणजे ती रक्कम दुसरीकडे जाणार नाही.

कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, फिटर आहेत. मिलचे काम सांभाळून आठवड्यातला एखादा दिवस सभासदांची फ्लायव्हील खर्चाच्या दरात फेसिंग करून दिली तर मोठे काम होईल. कोणी म्हणेल, कारखान्याने साखर करायची की गॅरेज चालवायचे? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की गव्हाण उसाविना थांबते तेव्हा तिथला खर्च थांबत नाही, आणि रस्त्यात बसलेली ट्रॉली ही गव्हाणीचीच अडचण आहे. आपल्याला गॅरेज चालवायचे नाही. ऊस वेळेवर आणि माणसे धडपणी घरी पोचवायची आहेत.

हे मंडळ करील तेव्हा करील. आपण सभासदांनी वाट बघत बसायचे कारण नाही. यंदा बैलांचा सण झाला की दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचा खेळ इंचाने मोजा, पिन हातात घेऊन बघा, ट्रॉलीच्या मागे जाऊन रिफ्लेक्टर फडक्याने पुसा. मिस्त्री 'खोलूया' म्हणाला, तर 'हंगाम होऊ दे' असे म्हणू नका. मी म्हटले होते.

– आपला एक सभासद